टाचेची गादी

सकाळी टाच जमिनीला टेकली की वामनराव पोस्टमन कळवळायचे. बीबी गावाच्या आसपासच्या आठ खेड्यांचं टपाल पायीच वाटावं लागे. चिखलीच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कोकिळा रोज संध्याकाळी नवऱ्याचा पाय मांडीवर घेई, चवडा मागे रेटून शिरा ताणून देई आणि हळूच विचारी, “माह्या मास्तरणीच्या नोकरीचं पत्र आलं का हो?”

“नाही वं. आलं का याच पायानं पळत आणून देतो तुले.”

तिचा विश्वास होता. टपालाचा साधा चिटोराही फाडणं पाप, असं मानणारा माणूस.

एका रविवारी ते आंघोळीला गेले, तेव्हा जुन्या गोधडीतून हौसेनं शिवलेल्या दोन मऊ गाद्या ती त्यांच्या बुटांत घालायला बसली. उजव्या बुटात गादी बसली, डाव्यात काही बसेना. टाचेच्या जागी आधीच काहीतरी दडपलेलं होतं. तिनं बोटं घालून ते ओढून काढलं.



बुलढाण्याहून आलेलं सरकारी पाकीट होतं, दोन महिन्यांपूर्वीच्या शिक्क्याचं. कुठं फाटलेलं नव्हतं, फोडलेलंही नव्हतं. फक्त तिच्या नावावर नवऱ्याच्या टाचेचा खड्डा पडला होता.