शेजारचे भांडण

लेखनातून निवृत्त झालेल्या मंजुळाबाई धुळ्यातल्या आपल्या घराबाहेर फारशा पडत नसत. माणसांच्या उथळपणाची त्यांना शिसारी येई. आज त्या शिसारीचे कारण स्वतःच्याच घरात निघाले. नात मयुरीने शेजारच्या रत्नाबाईंच्या घरातले भांडण, रडण्याओरडण्यासकट, मोबाइलवर टिपून स्टेटसला लावले होते.

“दुसऱ्याच्या घरातले अश्रू गावाला दाखवताना किळस कशी आली नाही ग तुला?” त्या कडाडल्या. “चल, पाय धर त्यांचे.”

रत्नाबाई अंगणात ज्वारीचे बिबडे वाळत घालत होत्या. मयुरीने मान खाली घालून माफी मागितली. मंजुळाबाईंनीही आयुष्यात प्रथमच कुणा शेजारणीपुढे हात जोडले. “आमच्या घराण्याची ही रीत नव्हे, रत्ना.”

रत्नाबाईंनी मयुरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

“ऱ्हाऊ द्या, अक्का. पोरनं हाई स्टेटस एक दिवसमा मिटी जाई. पन एकदाव मी तुमना वट्टावर रडनू, ते बठ्ठं रडनं तुमी पुस्तकमा लिखं. मनी नात आते ते शाळामा पाठ करस.”