थेंबभर पाणी

रंगाच्या सांडपाण्यामुळे ज्या नदीत पांढरा बगळा उतरायचा आणि पोपट होऊन उडायचा, तिच्या तळाचे खडे आता काठावरून दिसत. रसायनं पाण्यात शिजवायची गरजच उरली नव्हती. पोलादी गोळ्यांच्या डब्यात कोरड्या पुड्या घुसळल्या की झालं. हृदयाचं औषधसुद्धा घरच्या घरी वीस मिनिटांत तयार व्हायचं.

सुलभाचं तेरावं झाल्यावर तिच्या औषधाचं घुसळायचं यंत्र परत न्यायला औषधकेंद्रातली हेमांगी आली. "काका, डबा काय लखलखीत ठेवलाय!"

"रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं काढलीत गं," भिकाजी तांडेल म्हणाले. "सुलभा चिडवायची, माझ्यापेक्षा डब्यालाच जास्त न्हाऊ घालता म्हणून. रोज धुवायचो आणि धूळ बसायच्या आत, ओल्यातच पुड्या टाकायचो."

"ओल्यात? अहो, थेंबभर पाण्यानंही भलताच स्फटिक बनतो. तो अंगात विरघळतच..." हेमांगीनं जीभ चावली. "म्हणजे, तेवढ्यानं काही होत नाही, काका."

"राहू दे, पोरी. तुला खोटं बोलता येत नाही." भिकाजींनी डब्याचं झाकण लावलं. "ती म्हणायची, अहो, औषध लागू पडत नाही. मी म्हणायचो, तू चोरून सुकट खातेस. मग मीच रांधायला लागलो. सहा महिने तिला अळणी भात घातला."

"काकू काही बोलल्या नाहीत?"

"बोलली ना. म्हणाली, तुमच्या हाताला चव आहे हो."