हजर करण्याचा हुकूम

"तुम्हाला कोणी घरात डांबून ठेवलं आहे का?" नागपूरच्या हायकोर्टात न्यायमूर्तींनी विचारलं, तेव्हा पोलिसांनी हजर केलेले ढोबळे मान खाली घालून उभे होते.

याचिका केली होती त्यांचे मित्र बारापात्रे यांनी. वीस वर्षं दोघे रोज बुद्धिबळ खेळायचे. तीन महिन्यांपूर्वी ढोबळे अचानक यायचे थांबले. दारात त्यांचा मुलगा दरवेळी म्हणायचा, "बाबा भेटणार नाहीत." मित्राला कोंडलंय, कदाचित तो जिवंतही नसेल, या धास्तीने बारापात्रेंनी थेट हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारी याचिका, दाखल केली.

"नाही साहेब," ढोबळे म्हणाले. "मीच दार लावून बसतो. हा माणूस चाल वापस घेते."

"एकदाच घेतली," मागून बारापात्रे पुटपुटले.

"अठरा वेळा."

न्यायमूर्तींनी चष्मा काढून डोळे चोळले. "माणूस स्वतःच्या मर्जीने घरी आहे. कोर्ट त्याला सोडवू शकतं, कोणाशी खेळायला लावू शकत नाही. याचिका निकाली."

बारापात्रेंना हरल्याचं काहीच वाटलं नाही. ढोबळे जिवंत होते, आणि पूर्वीइतकेच चिडके होते.

बाहेर पोलिसांनी ढोबळेंना घरी नेऊन सोडायला नकार दिला. हुकूम आणण्याचा होता, पोचवण्याचा नव्हता. बारापात्रेंनी आपली स्कूटर त्यांच्यापुढे आणून उभी केली.

"फक्त घरापर्यंत," ढोबळे मागे बसत म्हणाले. "आणि बोलू नको."

बारापात्रेंनी मान डोलावली आणि स्कूटर फुटाळा तलावाच्या लांबच्या रस्त्याला घातली.