मीटरभर खाली

फोन साबणाच्या डबीला टेकवून स्पीकरवर ठेवला होता. टबातल्या थंड पाण्यावर गरम पाण्याची बारीक धार पडत होती, आणि पलीकडून बोयावाला बोलत होता. समुद्रात तरंगणाऱ्या बोयांनी मोजलेलं पाण्याचं तापमान तो बघायचा, उपग्रहानं मोजलेलं ती.

"माझा बोया सांगतो अठ्ठावीस पॉइंट एक. तुझा उपग्रह एकोणतीस पॉइंट चार. एकच जागा, एकच दुपार."

"माझं गणित तीनदा तपासलंय मी."

"बाळंतपणाच्या रजेवरून येऊन आठवडा झालाय तुला. झोप तरी होते का? राग मानू नकोस, पण सहा वाजता साहेब ठरवणार. कारण सापडलं नाही, तर नकाशातून तुझे आकडे बाद."

तिचं तीन वर्षांचं काम होतं ते. साडेपाच वाजून गेले होते. कडेवरची लेक आंघोळीसाठी चुळबुळत होती. तिनं नळ बंद केला, पाण्याला कोपर टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

"बाई गं, केवढं कढत!"

दारात टॉवेल घेऊन उभी असलेली तिची आई म्हणाली, "वरवर टेकवून काय कळणार? हात खाली घाल."

तिनं घातला. तळाशी पाणी पार गार.

"आधी ढवळायचं असतं. आणि म्हणे समुद्र मोजते!"

तिचा हात तळाशीच राहिला.

"ऐक रे," ती फोनकडे वळली, "तुझा बोया कुठलं पाणी मोजतो?"

"मीटरभर खालचं. का?"

"उपग्रहाला नुसता वरचा पापुद्रा दिसतो. त्या दुपारी वारा किती होता?"

कळफलकाची टकटक.

"वाराच नव्हता. समुद्र नुसता पडून होता उन्हात."

"आता वाऱ्यानं पाणी ढवळलेले दिवस काढ."

"मंगळवार... जुळतंय. बुधवार पण. अगं, सगळे जुळतायत!"

"म्हणजे खोटं कुणीच बोलत नव्हतं."

"साहेबांना जोडतो. तूच सांग."

"पाच मिनिटं थांब."

तिनं तळापासून पाणी ढवळलं, पुन्हा कोपर लावलं आणि लेकीला अलगद टबात बसवलं. लेकीनं दोन्ही तळवे उचलून पाण्यावर आपटले. भिंत, फोन, आजी, सगळे भिजले.

"हा कसला आवाज?" बोयावाल्यानं विचारलं.

"काही नाही," ती तोंड पुसत म्हणाली. "वारा सुटलाय."