पिवळ्या चौकटीतल्या दोघी

सिंकमधला चमचा घसरला आणि दुपारची शांतता खळकन मोडली. पाळण्यातलं बाळ चुळबुळलं, पण उठलं नाही.

लेकीचा पुढचा दात पडायला आला होता; त्याआधीचं हसू मला हवं होतं. मामाच्या जुन्या रशियन कॅमेऱ्याची लेन्स मी पूर्ण उघडली. अशा वेळी पापण्या तेवढ्या स्पष्ट येतात, मागचं सगळं धुकं. म्हणून नेम अचूक साधावा लागतो: डोळा लावला की पिवळ्या चौकटीत माणूस दुहेरी दिसतो, आणि लेन्सची रिंग फिरवून त्या दोघांना एक करायचं.

“पुतळा हो बघू.”

“पुतळ्याचं नाक खाजतंय!”

“खाजव आणि मग हो, शहाणे.”

ती खिडकीशी थांबली. मी रिंग फिरवली. दोघी जवळ आल्या, पण एक होईनात. रिंग टोकाला पोचली. मग डावी हसली. उजवी हसली नाही. ती माझ्या दिशेने चालू लागली.

दचकून मी कॅमेरा खाली घेतला. लेक माझ्या गुडघ्यांशी हात वर करून उभी होती. मी तिला चटकन उचललं, घट्ट धरलं.

“घाबरवलंस की गं मला,” मी म्हणाले.

तिने माझ्या गळ्यात हात टाकले. आवाज खिडकीकडून आला.

“आई, तू कुणाला घेतलंस कडेवर?”