थांब्यावर सुटलेली मेमिल

सुनेची कुत्री मेमिल गाडीखाली नव्हती. शेजारच्या गाडीखालीही नव्हती, आणि तिच्या पलीकडच्याही नाही. दोकसू आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले, तर समोर नुसत्या गाड्याच गाड्या. चुसोक हा कोरियातला पितरांचा सण उद्यावर आलेला. अख्खा देश गावाकडे निघाला होता आणि त्यातला निम्मा तरी हायवेवरच्या या थांब्यावर उतरला असावा.

मुलगा इनहो आणि सून सोरा खायला आणायला गेले होते. जाताना सोरा म्हणाली होती, "बाबा, दार तेवढं उघडू नका हं. गर्दीला फार भिते ही." दोकसूंनी ते उघडलं. आत कोंदट वाटत होतं. तेवढ्यात दुकानासमोरच्या कमानीतला एक मोठा फुगा फुटला, आणि ती तपकिरी कुत्री त्यांच्या मांडीवरून बाहेर झेपावली. गळ्यातली दोरी त्यांच्या बुटाजवळून सरपटत गेली. पाय ठेवला असता तर थांबली असती. पाय ठेवायला एक क्षण उशीर झाला.

सकाळी निघताना तेच म्हणाले होते, "पितरांच्या पूजेला कुत्रं कशाला? ठेवा कोणाकडे तरी." आता कोणाला काय सांगणार?

ते लंगडत चौकशीच्या खोलीत गेले. कुत्रं हरवल्याचं सांगितलं, तशी काउंटरवरच्या मुलीने वहीतून मान वर केली.

"काका, आजचं हे सहावं. काही सुटून येतात, काही सोडून दिलेली असतात. तुमचं कुठलं?"

"सुटलेलं," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच खोटा वाटला.

मुलीच्या मागे पुठ्ठ्याच्या खोक्यात एक पांढरं कुत्रं बसलं होतं. गळ्यात रेशमी फीत बांधलेली. बाहेरचं दार उघडलं की ते उठून उभं राही, आत येणाऱ्याचं तोंड बघे आणि परत खाली बसे.

स्पीकरवरून आवाज घुमला. मेमिल नावाची तपकिरी कुत्री हरवली आहे, गाडी सुरू करण्याआधी कृपया खाली बघून घ्या. दोकसू बाहेर आले, तर उपाहारगृहाच्या पायऱ्यांवर सोरा उभी होती. हातातला कागदी पेला कलंडून त्यातली कॉफी तिच्या बुटांवर सांडत होती. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती काही विचारेल म्हणून ते थांबले. तिने पेला पायरीवर ठेवला आणि ती पळत सुटली.

कुत्री आधी त्यांनाच दिसली. थांब्यातून हायवेला लागणाऱ्या वळणावर, रस्त्याकडेच्या गवताच्या पट्ट्यात. अंग आकसून, शेपूट पोटाशी घेऊन उभी. तिच्या पलीकडे तीन पावलांवर हायवे होता. अलीकडे थांब्यातून निघणाऱ्या गाड्यांची रांग. एखाद्याने नुसता भोंगा वाजवला असता तरी ती पलीकडे उडी मारणार होती.

वळणावर एक बस येत होती. दोकसू तिच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

करकचून ब्रेक लागला. चालकाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आजोबा, सणासुदीला मला तुरुंगात पाठवताय की काय?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हाताने गवताकडे दाखवलं. गवतात काय आहे ते चालकाला कळायला वेळ लागला. मग त्याने इंजिन बंद केलं. मागून कोणीतरी भोंगा वाजवला, एकदाच. मेमिल हायवेच्या बाजूला सरकली.  चालकाने हात बाहेर काढून तळवा दाखवला, आणि मागच्या गाड्याही एकेक करून गप्प झाल्या.

रांगेच्या त्या बाजूने सोरा आली. हाक मारायला तिने तोंड उघडलेलं. दोकसूंनी जोरजोरात मान हलवली. तिला समजलं. ती कुत्रीकडे पाठ करून डांबरावर मटकन बसली. वळून बघितलं नाही, हाक मारली नाही. फक्त एक तळवा मागे जमिनीवर उघडा टाकला.

पलीकडून ट्रक धडधडत जात होते. ट्रकागणिक मेमिल दचके, मागे सरके, पुन्हा पुढे येई. बसमधली माणसं काचेला नाकं लावून बघत होती. किती वेळ गेला कोणास ठाऊक. अखेर तिने पोट रस्त्याला घासत, जवळजवळ रांगत येऊन, त्या तळव्यात तोंड घातलं.

इनहो धापा टाकत पोचला, तेव्हा सोरा तिला कोटात गुंडाळून छातीशी धरून उभी होती आणि बस निघून गेली होती.

"सुटली कशी पण? दार कोणी उघडं ठेवलं?"

दोकसूंनी ओठ उघडले.

"माझ्याकडून राहिलं," सोरा म्हणाली.

"तुला शंभर वेळा सांगतो मी," इनहो म्हणाला आणि गाडी काढायला पुढे गेला.

दोघंच उरली. दोकसूंना कुत्री सापडायच्या आधीपेक्षा आता जास्त भीती वाटत होती.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "तू दार लावून गेली होतीस."

"हो. दोनदा ओढून बघितलं होतं." तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. कोटाच्या आत हात घालून ती मेमिलची पाठ चोळत राहिली.

गाडी समोर येऊन थांबली. तिने मागचं दार उघडलं आणि त्यांच्यासाठी धरून ठेवलं.

"बसा, बाबा. अजून पाच तास जायचंय."