भिंतीकडचा कट्टा

सोमवारी पोस्टाचं कामकाज, मंगळवारी योगाचा वर्ग, गुरुवारी गरजूंना धान्यवाटप आणि रविवारी प्रार्थना. थॉर्ली या इंग्रजी खेड्यातल्या त्या सातशे वर्षांच्या चर्चमध्ये काहीही असो, खुर्च्या मांडायच्या आणि उचलायच्या त्या मेव्हिसनेच. वय एक्क्याऐंशी.

“आता शनिवारी बिअरचा मेळा भरवू या,” तिला खुर्च्या उचलताना बघत नवे पाद्री म्हणाले. “नाक मुरडू नका, मेव्हिस. पूर्वी लोक इथेच बिअर प्यायचे, लोकर विकायचे, नाचायचेसुद्धा!”

“आणि खुर्च्या कोण उचलायचं?”

“खुर्च्या नव्हत्याच हो तेव्हा! प्रार्थनेलाही सगळे उभेच.”

“म्हातारेकोतारेही?”

“त्यांच्यासाठी भिंतीकडचा तो दगडी कट्टा. उभं राहायचं बळ संपलं, की तिकडे जाऊन बसायचं.”

मेव्हिसने हातातली खुर्ची खाली ठेवली. चाळीस वर्षं त्या कट्ट्यावर ती फुलदाण्या मांडत आली होती. त्या तिने एकेक करून पाद्रींच्या हातात दिल्या आणि भिंतीला पाठ टेकून बसली.

“गार आहे, पण बरा आहे,” डोळे मिटत ती म्हणाली. “बघताय काय, फादर? साठ खुर्च्या राहिल्यात अजून.”